झाकणाचा उजेड

दह्याच्या भांड्याचं झाकण सकाळपासून निळं उजळलं होतं आणि शशिकांतरावांच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. विरजण त्यांच्या पत्नीच्या, कुमुदताईंच्या माहेरचं, चाळीस वर्षं जपलेलं, आणि त्या लेकीच्या बाळंतपणासाठी भोपाळला गेलेल्या.

दह्यातल्या जिवाणूंना त्रास झाला की त्यांच्यातून पुसट उजेड निघतो. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही, म्हणून हल्ली घरोघरी तो वाढवून दाखवणारी झाकणं आली होती. त्रास कसला, ते मात्र झाकण सांगत नसे.

शेवटी त्यांनी कुमुदताईंना फोन लावला.

“अगं, नाशकात थंडी फार पडलीय. विरजण गारठलंय बहुतेक. मी पांघरूण वाढवतोय तसतसा उजेडही वाढतोय.”

“काय काय पांघरलंय?”

“तुझी शाल, माझा स्वेटर. खाली गरम पाण्याची पिशवी.”

“अहो, उकडतंय त्यांना. काढा ते सगळं.”

त्यांनी सगळं काढलं आणि फोन कानाला धरून भांड्यासमोर बसून राहिले. पलीकडे कुमुदताईही थांबल्या. झाकण हळूहळू मंद होत गेलं आणि विझलं.

“वाचलं गं,” ते म्हणाले.

“आणि तुम्ही कसे आहात?”

“मी अगदी मजेत. माझी काळजी नको करूस.”



“तुमच्यावर ठेवायला असं झाकण नाही ते बरंय,” कुमुदताई म्हणाल्या. “सगळी गल्ली उजळली असती. रविवारी येते मी.”