भोंग्याच्या आईचा डावा हात

फिजिओबाईंनी टाचणी टोचली. आईचा डावा हात उशीवर होता तसाच पडून राहिला.

"कळलं का काही, आजी?"

"कशाचं काय!" आई म्हणाली. डोळ्यांत मात्र टचकन पाणी आलं. "कचरा गेला वाटतं डोळ्यात."

भोंग्याचं तोंड एवढंसं झालं. भोंग्या म्हणजे तिचा मुलगा, लिफ्टचा मेकॅनिक. जन्मला तेव्हा अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला, तेव्हापासून हेच नाव. आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आणि भोंगा पुन्हा सुरू झाला. दूधवाल्यावर ओरडायचा, शेजाऱ्यांवर ओरडायचा, कुकरच्या शिट्टीवरसुद्धा. झोप तर नावालाही नाही. वरच्या मजल्यावर चमचा पडला तरी हा ताडकन उठून आईच्या उशाशी. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या, त्या गेल्या खिडकीबाहेर. "आईचा हात हलेपर्यंत मला कसली झोप?"

"मालिश थांबवू नका," फिजिओबाई म्हणाल्या आणि कशी करतो ते बघायला खुर्चीत बसून राहिल्या. "पण सावकाश हं. घाई केलीत की सगळं पाण्यात."

भोंग्याने बाह्या सारल्या, तळव्यावर कोमट तेल घेतलं. एरवी ग्रीसमध्ये बरबटलेले ते हात खांद्यापासून बोटांपर्यंत अलगद उतरले, माणसांनी भरलेली लिफ्ट उतरावी तसे. मग पुन्हा वर. पुन्हा खाली. त्याचे आवळलेले दात सुटले. खांदे सैल पडले. थोड्या वेळाने गडी चक्क शीळ घालायला लागला.

"सुरात तरी वाजव, मेल्या," आई म्हणाली. "हात लुळा पडलाय, कान नाही!"

तो खदखदून हसला. हसता हसताच जांभई आली. एकेक बोट चोळत करंगळीपर्यंत पोचला आणि आईच्या उजव्या हातावर डोकं टेकून घोरायला लागला. भर दुपारी, तोंड उघडं टाकून.

तेवढ्यात एक माशी आली. त्याच्या गालावर बसली. उडाली, नाकाला प्रदक्षिणा घालून पुन्हा गालावर. झोपेतच त्याच्या कपाळाला आठी पडली. आईने उजवा हात ओढून पाहिला. तो डोक्याखाली पार अडकलेला.

फाट!

माशी खलास. भोंग्याच्या गालावर तेलाची पाच बोटं. आणि भोंग्या? तो कूस बदलून आणखी मोठ्यांदा घोरू लागला.

"आजी!" फिजिओबाई कुजबुजल्या. "अहो, ठरलं होतं ना, त्याच्यासमोर हलवायचा नाही म्हणून? टाचणी काय उगाच सोसलीत? सांगूनच टाकू या आता. हात केव्हाच बरा झालाय तुमचा."

आईने डावा हात गुपचूप उशीवर ठेवला. आधीसारखाच, लुळा.

"हात झालाय हो," ती म्हणाली. "भोंग्या अजून व्हायचाय."