वेळेप्रमाणे लावलेले फोटो

टीव्हीवर : नेपल्सचं स्टेशन. दोन बॅगा, दोन टोप्या, दोघींचे सगळे दात.

"दोघींच्या फोनमधले फोटो एकत्र केलेत," राजेश म्हणाला. "टाइमस्टॅम्पप्रमाणे सॉर्ट करून. ट्रिप जशी झाली तश्शी दिसणार."

शुभाच्या हातातला भेळेचा चमचा थांबला. तिने सोफ्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. इला टीव्हीकडेच बघत होती. इटलीहून येऊन आठवडा झाला होता आणि आठवड्यात या जुन्या मैत्रिणीचा एक मेसेज नव्हता. आज आली तीही राजेशने फोन करून बोलावलं म्हणून. अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या या घराच्या गॅरेजचा कोड तिला पाठ होता. आज तिने बेल वाजवली.

रविवारची दुपार होती. टीव्ही नीट दिसावा म्हणून राजेशने पडदे ओढून घेतले होते.

टीव्हीवर : पोझितानो. डोंगराला चिकटलेली रंगीत घरं. शुभाच्या कानाला फोन.

टीव्हीवर : लिंबांचं दुकान. शुभाच्या डोळ्यांसमोर फोन.

टीव्हीवर : बोट. शुभा. फोन.

"हा माझा कॉल," राजेश खूश होऊन म्हणाला. "कुकरला पाणी किती."

"आणि हा वरणाचा डबा कुठाय तो," इला म्हणाली. आल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य. "फ्रीझर, दुसरा कप्पा, मटारच्या मागे. मला पाठ झालंय."

जमिनीवर बसलेली अनया खिदळली. आई हसली नाही हे तिच्या लक्षात आलं नाही.

टीव्हीवर : अमाल्फी. चर्चच्या उंच पायऱ्या. दोघी शेजारी. कुणा वाटसरूने काढलेला, जरा तिरका.

दोघींचा एकत्र असा हा शेवटचा फोटो. हे खोलीत दोघींनाच ठाऊक होतं. तो काढून झाला आणि त्याच पायरीवर शुभाचा फोन पुन्हा वाजला होता. इला म्हणाली होती, "शुभा, तू इटलीत आलीच नाहीस गं. अजून तुझ्या फ्रीझरसमोरच उभी आहेस." शुभाने फोन बंद केला होता आणि आवाज न चढवता सांगितलं होतं, "माझ्या घरी माणसं माझी वाट बघतात. तुला काय कळणार?"

इलाचा घटस्फोट झाला तेव्हा ती महिनाभर याच सोफ्यावर झोपली होती.

उरलेले दिवस दोघी एकाच खोलीत राहिल्या. आळीपाळीने उठल्या, आळीपाळीने बाहेर पडल्या.

टीव्हीवर : डोंगरावरच्या रावेल्लोची बाग. नुसती फुलं.

टीव्हीवर : हॉटेलची गॅलरी. कठड्यावर एक ओला टॉवेल.

टीव्हीवर : रावेल्लो. टेबलावर कॉफीचा एक कप.

टीव्हीवर : गॅलरी. तोच टॉवेल, वाळलेला.

"वेट." अनया गुडघ्यांवर पुढे सरकली. "आई, तू गॅलरीत आणि मावशी डोंगरावर? सेम टाइमला? डिड यू गाइज फाइट?"



"फाइट कसली," इला म्हणाली. "तुझ्या आईचा गुडघा. पायऱ्या बघितल्यास ना?"

शुभाचे दोन्ही गुडघे ठणठणीत होते. तिने उजवा चोळला. "सुजला होता. मीच म्हटलं, इला, तू जा. माझ्यापायी तुझी ट्रिप नको वाया जायला."

"बर्फ लावला."

"हॉटेलवाल्याकडून हिनेच आणला. इटालियनमध्ये मागून."

"खुणा करून."

"मला बोलली नाहीस ते," राजेश म्हणाला.

"तुला कुकर झेपत नव्हता," इला म्हणाली, "त्यात गुडघा कुठे देणार?"

सगळे हसले. शुभाही हसली आणि हसता हसता तिने इलाकडे पाहिलं. इलाचं हसू तोवर विझलं होतं. तिने पर्समधून गाडीची किल्ली काढली.

"निघते मी. जाताना कॅरीत ग्रोसरी करायचीय."

"अगं थांब, संपलंच," राजेश म्हणाला.

टीव्हीवर : बंदराची दगडी भिंत. वरून, बऱ्याच लांबून. भिंतीवर एक बाई. चपला बाजूला काढलेल्या, पाय पाण्याकडे सोडलेले. पीच खातेय. रस कोपरापर्यंत ओघळलाय आणि ती तो पुसत नाहीये. हातात फोन नाही.

शुभाला क्षणभर ती बाई ओळखू आली नाही.

"ही तूच ना?" राजेश पुढे वाकला. "सुजलेल्या गुडघ्याने भिंतीवर कशी चढलीस?"

दाराशी जाऊन इला चपला शोधत होती.

"गुडघ्याला काही झालं नव्हतं," शुभा म्हणाली. "मी हिला फार वाईट बोलले होते."

"आय न्यू इट," अनया पुटपुटली. राजेशने तिला गप्प राहायची खूण केली. रिमोट हातात असून तो फोटो पुढे सरकवायला विसरला.

शुभा उठली नाही. दाराकडे न बघता, टीव्हीवरच्या त्या बाईकडे बघत तिने विचारलं, "तू फोटो काढलास तर हाकही मारायचीस ना."

इलाच्या एका पायात चप्पल होती.

"मारणार होते," ती म्हणाली. "पण तू पीच खाली ठेवलं असतंस."