भोंग्याचं मौन

"आधी पुसा ते!" शिलाई मशीनवरून उठून आईने बाबांच्या हातातला फोन हिसकावलाच.

लेकीच्या शेवटच्या व्हिडिओखाली बाबांनी लिहिलं होतं, 'भोंग्या, कुठे आहेस बाळा? फोन कर.' आईने ते पुसलं, दोनदा खात्री केली आणि मगच श्वास सोडला.

"सगळं बाद व्हायला एवढं पुरे होतं," ती म्हणाली. "आठवडाभर तोंडाला कुलूप लावता येत नाही तुम्हाला?"

"पाच दिवस झाले गं."

"मग दोनच राहिले."

लेकीला घरात भोंगा म्हणत, कारण पाळण्यात असल्यापासून ती कधी गप्प म्हणून बसली नव्हती. आता ती दूरच्या शहरात एकटी खोली घेऊन राहत होती आणि फाटके कपडे पुन्हा घालण्याजोगे कसे करायचे, ते व्हिडिओतून दाखवत होती. रफू, ठिगळ, काजं, सगळं आईच्याच हाताखाली शिकलेलं. लाखभर लोक तिला बघत. त्यावरून एका धाग्याच्या कंपनीने तिला वर्षभराचं काम देऊ केलं होतं. ते मिळालं नाही तर खोली सोडून मुकाट घरी यायचं, असं बापलेकीचं ठरलेलं होतं. पण कंपनीचा त्या लाखावर काडीचा विश्वास नव्हता.

"आकडे विकत मिळतात गं आई," लेकीने फोनवर समजावलं होतं. "आणि लाइक तर लोक जांभई देत देतही करतात. म्हणून त्यांनी मोजणी करणारी दुसरी कंपनी नेमलीय. त्यांची तऱ्हाच निराळी. मी सात दिवस गप्प बसायचं. का, ते कुणाला सांगायचं नाही. फोनसुद्धा उचलायचा नाही. तेवढ्यात दहा हजार जणांनी 'कुठे आहेस' विचारलं, तर माझं वजन खरं. घरच्यांनी मधे आवाज केला, तर सगळं बाद."

"आणि हे कधीपासून?"

"कळवतील ते. मी एकदम गप्प झाले की समजायचं, सुरू झालं. बाबांना सांभाळ हं!"

मंगळवारी ती गप्प झाली.

सोमवारच्या व्हिडिओत तिची नेहमीसारखी टकळी चालू होती. तिने स्वेटरचं कोपर रफू केलं, स्टुलावर चढून पडद्याचा दांडा सरळ केला आणि 'बाथरूममध्ये गॅसचा गिझर बसवून घेतला, आता गार पाण्याने कुडकुडणं संपलं,' म्हणत एक गिरकीही घेतली. बाबा निवृत्त वायरमन. खोड काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. "स्टूल डगमगतंय," ते म्हणाले. "दिवा चुकीच्या बाजूला लावलाय. त्या बाथरूमला खिडकी तरी आहे का?"

"आहे ना, तुम्हाला बसून खोड काढायला," आई म्हणाली होती.

बुधवारी बाबांनी आईच्या नकळत फोन लावला. नुसता वाजत राहिला. गुरुवारी तो बंदच लागला, तेव्हा त्यांनी कबुली दिली.

"बघा, तुमच्या जाचाला कंटाळून बंद करून ठेवला तिने," आईने त्यांना झाडलं.

आकडा मात्र चढत होता. बुधवारी नऊशे, शुक्रवारी पाच हजार. कुणी रडवेलं होऊन लिहीत होतं, कुणी रागावून. इमारतीतल्या एका बाईने लिहिलं होतं, 'ताई, तुझ्या दारात दोन पार्सलं पडून आहेत. बेल वाजवून थकले. बरी आहेस ना?'

आई ते वाचून हसली. "कार्टीने पार्सलंसुद्धा आत घेतली नाहीत. शिस्त म्हणजे शिस्त!"

पण मशीनवर तिचा हात चालेना. भोंग्याचा आवाज ऐकल्याशिवाय तिचा दिवस कधी सुरू झाला नव्हता. पाच दिवस तिने एकच बाही तीनदा उसवली. तिलाही भीती वाटत होती, पण ती पोरीची नाही, आकड्याची. चारदोनशे कमी पडले आणि त्याला आपण कारण झालो तर? या विचाराने ती आकडा बघण्यापुरताच फोनला हात लावायची.

सातव्या दिवशी, सोमवारी सकाळी, बाबा पायात बूट चढवून बाहेर आले. हातात पिशवी होती.

"मी जातो तिच्याकडे. लांबून बघेन फक्त."

आई दारात आडवी उभी राहिली. "नऊ हजार आठशे झालेत. तुम्हाला तिथे कुणी पाहिलं, तर पोरीच्या पोटावर पाय देणारे तुम्ही ठराल. आयुष्यभर तोंड दाखवता येईल तिला?"

बूट पायात तसेच ठेवून बाबा खुर्चीत बसले. पिशवी त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

बाराच्या सुमारास आकडा दहा हजार चार झाला. आईने पदराने डोळे पुसले. "जिंकली हो पोर!" ती म्हणाली आणि सात दिवसांत पहिल्यांदा बाबांच्या खांद्यावर हात ठेवला.

तेवढ्यात तिचाच फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"नमस्कार, मी मोजणीच्या कंपनीतून बोलतोय. मुलीने घरचा नंबर म्हणून हा दिला होता."

"बोला, बोला!" आईचा आवाज आनंदाने चढला. "दहा हजार पार झाले ना? आम्ही चकार शब्द काढला नाही हो. तिच्या बाबांना तर मी नुसतं धरून ठेवलंय."

पलीकडचा माणूस क्षणभर गोंधळला.

"कसले दहा हजार, बाई? त्यांनी मौन कोणत्या तारखेपासून धरायचं, ते ठरवायला मी आठवडाभर फोन लावतोय. आधी त्यांनी उचलला नाही, आणि गुरुवारपासून तो बंदच आहे."