एकटा करकोचा

कलकत्त्याहून आलेल्या पत्राला नारकर भाऊसाहेबांनी वर्षभर उत्तर दिलं नव्हतं. प्राणिबागेतल्या जनावरांची मोजदाद त्यांच्याकडे होती. पत्रात होतं, 'देशभरच्या प्राणिबागांत या जातीचे दोनच करकोचे उरलेत, एक आमच्याकडे, एक तुमच्याकडे. तुमच्याकडे मादी असेल तर कळवा, आमचा नर लगेच पाठवतो.' पण दिसायला नर-मादी सारखेच. चुकीचं लिहिलं तर?

पिंजरा झाडणारा गुणाजी फाटकाबाहेर चाललेल्या लालबागच्या मोर्चाकडे बोट दाखवत म्हणाला, "भाऊसाहेब, तिकडे लोक मुंबईसाठी गोळ्या खातायत आणि तुमच्याच्यानं एक शब्द लिहवत नाय?"

"जरा खात्री होऊ दे रे."

पावसाळ्यात करकोचा मेला. डॉक्टरांनी पोट फाडून पाहिलं.

त्याच संध्याकाळी भाऊसाहेबांनी उत्तर पोस्टात टाकलं: 'खात्रीपूर्वक कळवतो, मादी होती.'