क्रूझ कंट्रोल, कंपनीचाच

"काका, जोर लावला तर तुटेल," डॅशबोर्डखाली आडवी झालेली गॅरेजवाली म्हणाली.

"मग जोर लावू नकोस. किंचित फिरव."

तिने फिरवलं. कट्ट असा बारीक आवाज झाला आणि क्रूझ कंट्रोलचा बोटभर दांडा स्टिअरिंगच्या मागे बेमालूम बसला. बाहेर स्टुलावर बसलेले काका हसले. ते घड्याळजी. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण वस्तू जागेवर बसल्याचा आवाज त्यांना अजून दुरून कळायचा.

हिरवी गाडी जवळजवळ गॅरेजवालीच्याच वयाची होती. काकांच्या शेजाऱ्याने ती आणून सोडली, तेव्हा काकांनी डिकीतून एक खोकं काढून तिच्यापुढे ठेवलं होतं. आत सगळं कंपनीचं मूळ सामान. दांडा एका भंगारवाल्याकडचा, ॲक्सिलरेटर ओढून धरणारी मोटर परदेशातून पोस्टाने आलेली, वेगावर लक्ष ठेवणारी डबी कुठल्याशा चेपलेल्या गाडीतली. त्या काळी हे फक्त महागड्या मॉडेलला मिळायचं. काकांची गाडी साधी होती.

"बाजारात नवा संच मिळतो, काका," ती म्हणाली होती. "दुपारभरात बसवून देते. वेग ठरवायचा, पाय काढायचा, गाडी आपली त्याच वेगाने चालते. काम तेच."

"त्याला डॅशबोर्डला भोक पाडावं लागेल ना?"

"एखाददुसरं."

"मग नको. कंपनीने जागा ठेवलीय. बघ तू."

आला आणखी एक हौशी, असं तिला वाटलं. पण तिने खालचं कार्पेट उचललं. पत्र्यात भोकं तयारच होती, रबरी बुचं लावून बंद केलेली. डॅशबोर्डच्या मागे तारांचा एक जुडगा गुंडाळून बांधलेला होता, टोकाला प्लगसकट. इतकी वर्षं त्याला कुणी हात लावला नव्हता.

ती डबी मात्र दगा देऊ लागली. वेग धरायची आणि मध्येच सोडून द्यायची. काकांनी ती उघडली, डोळ्याला भिंग लावलं आणि खिडकीपाशी बसले. चहा गार झाला. दुसरा आणला, तोही गार झाला. शेवटी सोल्डरिंगच्या एका डागाला गेलेली केसाएवढी चीर त्यांना सापडली. त्यांनी ती डागली, तेव्हा हात तसूभरही हलला नाही. ती हातातलं काम टाकून बघत राहिली.

काका तिला आवडायला आणखी एक कारण होतं. गॅरेजमध्ये येणारी माणसं तिच्या खांद्यावरून पलीकडे बघत विचारायची, मेकॅनिक कुठे आहे? काकांनी पहिल्या दिवसापासून सगळं तिलाच विचारलं.

काम करता करता ते जुन्या प्रवासांबद्दल बोलायचे. कुठल्या वळणावर खाली नदी दिसते, कुठल्या उतारावर इंजिनचा आवाज बदलतो, धुक्यात कसा रस्ता काढला. काय गाडी हाकली असेल ह्या माणसाने, असं तिच्या मनात यायचं.

चाचणीला ते शेजारच्या सीटवर बसले. "तू चालव. मला ऐकू दे."

मोठ्या रस्त्यावर तिने दांडा दाबला आणि पाय काढून घेतला. समोर चढ आला. काट्याने जागा सोडली नाही. काकांनी डोळे मिटले होते.

"ब्रेकला पाय नुसता टेकला तरी सुटतंय ना?"

"सुटतंय."

"परत बघ."

तिने परत बघितलं. मग त्यांच्या समाधानासाठी आणखी एकदा.

"ब्रेक मारायला त्रास नाही, डॉक्टरांनीही तसंच सांगितलंय," काका म्हणाले. "पाय एका जागी दाबून धरणं, तेच जमत नाही." तिने त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि विषय वाढवला नाही. वयाबद्दल बोललेलं कुणाला आवडतं?

गॅरेजमध्ये परतल्यावर ते म्हणाले, "सीट होती तशी पुढे ओढून ठेव हं." काका चांगले उंच होते. पण गाडी न्यायला शेजारीच येणार असेल, असं समजून तिने सीट ओढून ठेवली.

थोड्या वेळाने दारात टॅक्सी थांबली. काठी टेकत एक ठेंगण्या काकू उतरल्या. घोटा मोडल्यापासून त्यांची काठी सुटली नव्हती.

"गाडी घेणारा माणूस आला का?" त्यांनी काकांना विचारलं. आवाज कोरडा होता, पण हात बॉनेटवरून फिरत होता.

"कुणी येणार नाहीये. विकायची नाही."

"अहो, ठरलंय ना आपलं? गावातल्या गावात ठीक आहे. लांब जाणं आता होत नाही, मग ठेवून काय करायचं?"

काका गॅरेजवालीकडे वळले. "तू सांग हिला."

तिने सगळं सांगितलं. दांडा कसा दाबायचा, वेग कसा धरला जातो, पाय कसा मोकळा राहतो, ब्रेकला पाय टेकताच सगळं कसं सुटतं. काकू दारातून आत वाकल्या. त्यांनी दांड्यावरून बोट फिरवलं. मग डॅशबोर्डभर नजर फिरवली. कुठे चरासुद्धा नव्हता. त्या बराच वेळ तशाच वाकून राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा डोळे पाण्याने भरले होते.

"किती दिवस चाललंय हे?" त्यांनी विचारलं.

गॅरेजवालीने खिशातून किल्ली काढली आणि काकांपुढे धरली. "घ्या काका. आता काकूंना लांब कुठेतरी फिरवून आणा."

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

काकूंनी काठी त्यांच्याकडे दिली आणि गॅरेजवालीच्या हातातून किल्ली घेतली.

"त्यांना कुठे देतेस, पोरी?" त्या म्हणाल्या. "ह्यांना गाडी चालवता येत नाही."