दोऱ्या नसलेला झुला

सर्कशीतल्या त्या झुल्याला दोऱ्या नव्हत्या. बँडच्या सुरांवरच तो तंबूत तरंगायचा. त्यावर उभ्या राहिलेल्या वत्सलेकडे कीर्तनकार विश्वंभरबुवा बाकाच्या कडेवर बसून पाहत होते. बुवांची लेक सर्कशीत नाचते, असं लोक कुजबुजायचे, म्हणून इतकी वर्षं ते तिचा खेळ बघायला आलेच नव्हते.

अचानक ट्रम्पेटवाल्याला ठसका लागला. सूर तुटला तसा झुला गपकन खाली आला. बुवा कासावीस होऊन उठले, गायला गेले, तर भीतीनं घशातून आवाजच फुटेना.

तेवढ्यात वरून रामकृष्णहरीचा गजर आला. वत्सलाच गात होती, तीही बुवांच्याच चालीत. लहानपणी कीर्तनात त्यांच्या मागे टाळ धरून उभी राहायची ती. झुला सावरला आणि डौलात तंबूच्या कळसाला जाऊन भिडला.

बुवा थेट रिंगणात शिरले आणि तिच्या गाण्याला टाळ्यांनी ठेका धरू लागले.

"अहो आजोबा, बाहेर व्हा. तुम्ही कोण?" मॅनेजर धावत आला.

"तिचा बाप," बुवांनी सगळ्या तंबूला ऐकू जाईल असं सांगितलं. "पण आज बुवा ती आहे. मी नुसता टाळकरी."