घुमटातली सुरी

मडक्यासारख्या घुमट वाद्याच्या उघड्या तोंडातून हात घालून सगुणाने सुरी आत दडवली आणि तो देवळात आरतीला बसला. समोर पुरसो होता. जत्रेत सगुणाच्या बापाचा डोकं फोडून जीव घेतल्याबद्दल तुरुंगात गेलेला, आजच सुटलेला.

पहिली थाप वडीलधाऱ्याची, हा रिवाज सगुण रागाच्या भरात विसरला. वयाने मोठ्या पुरसोने सगुणाचाच घुमट मांडीवर ओढला, डावा पंजा सवयीने त्याच्या तोंडात दाबला आणि पातं तळव्यात घुसलं. सुरी उपसून त्याने सगुणापुढे टाकली.

“आधी आरती होऊ दे, मग कर काय ते,” म्हणत त्याने रक्ताळल्या हातांनी ठेका धरला.

सगुण कसला थांबतोय! त्याने सुरी पुरसोच्या गळ्याला लावली. “गप, मेल्या!” कातडी चिरली, सदरा भिजला, तरी पुरसो गातच राहिला. मग एकाएकी थांबला.

“पुढचं कडवं तुझा बाप म्हणायचा. ते मी कुठल्या तोंडाने म्हणू? तू म्हण, नाहीतर काप.”

झांजा थांबल्या. देवापुढे आरती अर्ध्यावर अडली. सगुणाने दात खाल्ले. तोंडून आईवरून शिवी निघाली, आणि तिच्या पाठोपाठ कडवं.